गुरुवारची जीभ

शशिधर : असं काय बघतेस? अपॉइंटमेंट आहे माझी. साडेअकराची.

उल्का : साडेअकराला मिस्टर हॅरिसन आहेत.

शशिधर : मीच हॅरिसन. खालच्या केमिस्टच्या दुकानातल्या बाईंनी फोन घेतला. त्यांना म्हटलं, लिहा हॅरिसन. खरं नाव सांगितलं असतं तर वेळ दिली असतीस का तू?

उल्का : नाही.

शशिधर : मग झालं तर. बसू का? जिना फार उभा आहे तुझा.

उल्का : बाबा, प्लीज. मी बंद करतेय हे सगळं. बॉक्सेस दिसतायत ना? उद्या, शुक्रवारी, किल्ली परत देणार आहे. मिस्टर हॅरिसन लास्ट पेशंट होते. बाईंनी नोट लिहिली होती, ‘म्हातारे गृहस्थ, झोप येत नाही, फार पोलाइट आहेत’. म्हणून मी हो म्हणाले.

शशिधर : पोलाइट म्हणाल्या का? आपल्या पिनरमध्ये कुणाला सांगू नकोस, विश्वास नाही बसायचा.

उल्का : उदयने सांगितलं तुम्हाला?

शशिधर : रविवारी बेसिंगस्टोकहून फोन होता त्याचा. म्हणाला, ताई क्लिनिक गुंडाळतेय, तुम्हाला माहीत आहे ना? म्हटलं, मला कोण सांगणार बाबा? आई गेल्यापासून चार महिन्यांत लेक एकदा घरी आली, ती तिच्या साड्या आवरायला. बाथरूममध्ये गेली, बाहेर आली, कोट घातला आणि निघूनच गेली. चहा टाकला होता मी. दोन कप.

उल्का : आय नो. सॉरी.

शशिधर : सॉरी राहू दे. तपास मला.

उल्का : मी? तुम्ही याला झाडपाला म्हणता.

शशिधर : म्हणतो.

उल्का : हॅरोच्या दिवाळीत सगळ्यांसमोर म्हणालात, आमच्या मुलीने थर्ड इयरला मेडिकल सोडलं आणि आता ती चहाची पत्ती विकते. सगळे हसले. मी तिथेच उभी होती.

शशिधर : उभी होते.

उल्का : काय?

शशिधर : ‘मी उभी होते.’ बाईमाणसानं ‘होती’ नाही म्हणायचं.

उल्का : आई काढायची माझ्या चुका.

शशिधर : हो. आता मलाच काढायला हव्यात. चल, तपास. मी भूल देणारा माणूस, माझे पेशंट बोलतच नसत. तुझ्याकडे म्हणे तासभर प्रश्न विचारतात. विचार.

उल्का : फाइन. मग खरी उत्तरं द्यायची. वय?

शशिधर : अडुसष्ट. तुला माहीत नाही?

उल्का : सगळ्यांना विचारते मी. थंडी जास्त वाजते की गरम होतं?

शशिधर : हीटिंगचा टायमर ती लावायची. पस्तीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरात श्वासाची मशीन्स चालवली, आणि त्या बॉयलरचं घड्याळ काही मला उमगत नाही. पहाटे लागतं आणि दुपारी बंद पडतं.

उल्का : म्हणजे थंडी वाजते.

शशिधर : लिही, वाजते.

उल्का : भूक?

शशिधर : टोस्ट खातो. रोज जेवण उरकलं की ती विचारायची, उद्या काय करू? मला इतका वैताग यायचा. कर काहीही, म्हणायचो. आता कुणी विचारत नाही, तर काय खावं ते सुचतच नाही.

उल्का : झोप?

शशिधर : पहाटे जाग येते. तीन-सव्वातीनला. मग नाही लागत.

उल्का : तीन ते पाच लंग्जची वेळ.

शशिधर : फुप्फुसांना घड्याळ असतं?

उल्का : आमच्या चायनीज मेडिसिनमध्ये असतं. प्रत्येक ऑर्गनची वेळ असते. आणि प्रत्येकाची एक फीलिंग असते. राग लिव्हरमध्ये, भीती किडनीत, काळजी स्प्लीनमध्ये. आणि दुःख फुप्फुसात. हसा आता.

शशिधर : हसत नाही. हजारो छात्या वरखाली होताना पाहिल्या मी. दुःख काही दिसलं नाही कधी.

उल्का : झोपलेले होते ना ते सगळे.

शशिधर : हं. हे बरोबर बोललीस.

उल्का : हात द्या. असा नाही, उशीवर ठेवा. उजवा आधी.

शशिधर : मी एकच बोट ठेवायचो. इथे. ठोके मोजायचे, दाब ओळखायचा, संपलं.

उल्का : आम्हाला तीन बोटं लागतात. हे लंग्ज, हे स्प्लीन, हे किडनी. डाव्या हाताला हार्ट, लिव्हर, परत किडनी. आधी नुसतं टेकवायचं, मग दाबायचं, मग अजून खोल. आता बोलू नका.

शशिधर : काय म्हणतेय?

उल्का : बोलू नका म्हटलं ना… तंग आहे. खूप ओढून बांधलेल्या दोरीसारखी. काहीतरी दाबून ठेवलंय तुम्ही.

शशिधर : हे नाडीत कळतं?

उल्का : नाडीत कळतं. आणि खोटं नाव सांगून आलात, त्यावरून पण कळतं. बाबा, का आलात?

शशिधर : सांगतो. आधी मला तिचा कागद वाचून दाखव. मधुमतीचा.

उल्का : नको.

शशिधर : आहे ना इथे?

उल्का : आहे. तो नाही भरला बॉक्समध्ये. पण नको.

शशिधर : वाच, उल्का. हळू वाच.

उल्का : चौदा जानेवारी. थर्सडे. ‘मधुमती, वय एकसष्ट. दमणूक. जेवल्यावर पोट जड. पाठ दुखते. नाडी खोल, अशक्त. जीभ फिकट, कडेला दातांच्या खुणा, मागच्या बाजूला जाड पिवळा थर.’ मग काय दिलं ते आहे. संत्र्याची साल, आलं, ज्येष्ठमध, अजून सहा-सात गोष्टी. दोनदा उकळायचं, दोन्ही पाणी एकत्र करायचं, सकाळ-संध्याकाळ घ्यायचं.

शशिधर : तो वास! फेब्रुवारीत खिडक्या उघडून बसायचो मी. पलीकडच्या बाईने विचारलं, तुमचं ड्रेन तुंबलंय का. आणि ती गूळ घालायची त्यात.

उल्का : गूळ?

शशिधर : चांगला मोठा खडा. म्हणायची, पोरीचं औषध चांगलं आहे, नुसतं जरा कडू आहे.

उल्का : ओ, आई.

शशिधर : पुढचं वाच.

उल्का : एकवीस जानेवारी. ‘थर पातळ.’ अठ्ठावीस जानेवारी. ‘थर जवळजवळ नाही. पेशंट म्हणते, बरं वाटतं. सुधारणा.’ फेब्रुवारी, सुधारणा. मार्च, सुधारणा. एप्रिल. ‘जीभ स्वच्छ, सुधारणा टिकून.’ सतरा गुरुवार, बाबा. सगळीकडे मी तेच लिहिलंय. सुंदर अक्षरात. आणि मेमध्ये ती पिवळी पडली आणि तुमच्या हॉस्पिटलमध्ये स्कॅनवर दिसलं की पॅन्क्रियासमध्ये एवढी मोठी गाठ आहे.

शशिधर : पाणी पी.

उल्का : मला नकोय पाणी. तुम्हाला माहितीय मी त्या दिवशी घरातून का पळाली? बाथरूममध्ये ग्लास होता. त्यात ती जीभ घासायची तांब्याची पट्टी. आईची. मी हातात घेतली, आणि सगळं कळलं. आमच्या मिसेस त्सेंग शिकवायच्या, माणूस खोटं बोलेल, जीभ बोलत नाही. येताना कॉफी पिऊ नका, एवढंच पेशंटला सांगायचं. इंग्लिश लोकांना अजून काय सांगणार? जीभ कोण घासतं इथे? पण मला तर माहीत होतं! आपल्या घरात रोज सकाळी काय आवाज यायचे. तुमचा ‘ऑऽऽक’ तर रस्त्यापर्यंत जायचा, शाळेतली मैत्रीण राहायला आली तर मी लाजेनं मरायची. मी आईला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, गुरुवारी घासू नकोस हं. ती हो म्हणाली. आणि मी परत कधी विचारलंच नाही. सवयीनं घासत असणार ती. थर नाही दिसला, मी लिहिलं, सुधारणा. सतरा आठवडे मी पुसलेली पाटी वाचत बसली.

शशिधर : उल्का…

उल्का : नाही, ऐका. थर तसाच राहिला असता ना, तर मी तिला पाठवली असती. शिकवतात आम्हाला. सहा आठवड्यांत काही हललं नाही तर पेशंटच्या जीपी डॉक्टरला लेटर लिहा, टेस्ट्स करायला सांगा. मी तीन पेशंट्सना पाठवलंय असं. अनोळखी लोकांना. आणि माझ्या आईला मी आलं आणि संत्र्याची साल देत होती. म्हणून बंद करतेय. तुम्ही जिंकलात. खरंच झाडपाला आहे.

शशिधर : सवयीनं नाही.

उल्का : काय?

शशिधर : सवयीनं घासत नव्हती ती. सकाळचं घासणं सवयीचं. गुरुवारी ती दोनदा घासायची. दुसऱ्यांदा निघायच्या आधी, कोट घालून, दार लावून. एकदा बेसिनमध्ये रक्त दिसलं मला. म्हटलं, हे काय चाललंय? तेव्हा सांगितलं तिनं.

उल्का : काय सांगितलं?

शशिधर : म्हणाली, ‘अहो, पहिल्या दिवशी माझी जीभ बघितली आणि पोरीचा चेहरा असा पडला! मला बघवेना. पुढच्या खेपेला स्वच्छ करून गेले, तर केवढी हसली. मिठीच मारली मला. तिचा पहिला पेशंट मी. मीच बरी झाले नाही तर तिच्याकडे कोण येईल?’

उल्का : नाही. नाही, नाही, नाही.

शशिधर : ‘बरं वाटतं’ म्हणायची ना तुला? परत येताना बसमधून उतरली की आपल्या कोपऱ्यावरच्या भिंतीवर बसायची दहा मिनिटं. तिथून घर शंभर पावलं नाही.

उल्का : कधी? हे तुम्हाला कधी सांगितलं तिने?

शशिधर : फेब्रुवारीत.

उल्का : फेब्रुवारी. मेच्या आधी तीन महिने. आणि तुम्ही काय केलंत?

शशिधर : हसलो.

उल्का : हसलात.

शशिधर : पोट धरून हसलो. म्हटलं, हजारो वर्षांचं शास्त्र तू तांब्याच्या पट्टीनं चीत केलंस की! एजवेअरला हरीशकडे जेवायला गेलो, तिथे सगळ्यांना रंगवून सांगितलं. सगळे हसत होते. ती पानात बघून म्हणाली, ‘अहो, पुरे.’ एवढंच. आणि मला एकदासुद्धा वाटलं नाही की विचारावं, मधू, एवढं घासण्यासारखं त्या जिभेवर आहे तरी काय? काढलं की परत कसं येतंय? दमतेस का एवढी? डॉक्टर ना मी? तिच्या शेजारी झोपत होतो. पाठ दुखते म्हणाली, तर म्हटलं, गादी जुनी झाली. नवी गादी आणली मी, उल्का. हौसेनं आणली.

उल्का : एक फोन करायचा होता. वन फोन कॉल. ‘तुझी आई जीभ घासून येते.’ बस.

शशिधर : हो.

उल्का : मग मला कळलं असतं. मी तिच्यावर ओरडले असते, आणि दुसऱ्या दिवशी तिला ओढत नेलं असतं टेस्टला.

शशिधर : हो.

उल्का : पण मग जोक संपला असता. तुम्हाला मी हरायला हवी होती.

शशिधर : हो. हवी होतीस. परत येशील, म्हणशील, बाबा, चुकलं माझं. त्याची वाट बघत होतो मी. तिकडे लक्ष होतं माझं, तिच्याकडे नव्हतं.

उल्का : ती वाचली असती का? खरं सांगा. लेकीला बरं वाटावं म्हणून नाही. डॉक्टर म्हणून.

शशिधर : वाचली नसती बहुतेक. जानेवारीत सापडला असता तरी. त्या जागेचा आजार फार उशिरा बोलतो. थोडे महिने मिळाले असते, कदाचित तेही नाही.

उल्का : मग?

शशिधर : मग दुखलं नसतं. निदान एवढं नसतं दुखलं. तेवढं नक्की करता आलं असतं. आणि ते तर माझंच काम होतं गं. लोकांचं दुखणं बंद करण्यात आयुष्य गेलं माझं, परक्या लोकांचं. आणि तिचं पाच महिने माझ्या घरात चालू होतं, आणि ती ते गुळाबरोबर गिळत होती. तुझ्यासाठी तुझ्यापासून लपवलं. माझ्यापासून तर लपवलंच नव्हतं. मला सांगून टाकलं होतं तिनं. मीच ऐकलं नाही.

(खाली दुकानाच्या दाराची घंटा वाजते, कुणीतरी आत येतं, कुणीतरी जातं.)

उल्का : हे तुम्ही चार महिने मनात ठेवलंत.

शशिधर : ठेवलं. तुला सांगायची हिंमत नव्हती. रविवारी उदय म्हणाला, ताई म्हणते तिच्यामुळे आई गेली. तेव्हा म्हटलं, आता नाही सांगितलं तर माझं पाप पोरगी जन्मभर वाहील. ते तुझ्या वाट्याचं नाहीच, उल्का. माझं आहे. परत घ्यायला आलोय मी.

उल्का : सगळं नाही देणार.

शशिधर : अगं…

उल्का : थोडं माझं पण आहे. मी एवढी खूश का झाले त्या दिवशी? आठ दिवसांत असा थर पातळ होत नाही. मला माहीत होतं, पुस्तकात आहे ते. दुसरं कुणी असतं तर मी विचारलं असतं, आज जीभ घासलीत का? तिला नाही विचारलं. मला ती बरी व्हायला हवी होती. माझ्या हातून. तुम्हाला दाखवायला.

शशिधर : म्हणजे ती आपल्या दोघांच्या मधे उभी होती.

उल्का : हो.

शशिधर : आणि आपण दोघं एकमेकांकडे बघत होतो.

उल्का : मला तिची फार आठवण येते, बाबा. गुरुवारी साडेअकराला मी अजून जिन्याकडे बघते. ती वर येताना मधल्या पायरीवर थांबायची आणि म्हणायची, ‘आले गं, आले.’ दमलेली नाही हे दाखवायला.

शशिधर : म्हणून तर ही वेळ मागितली मी. त्या बाई म्हणाल्या, दुपारची देऊ का? म्हटलं, नाही, गुरुवार, साडेअकराच.

उल्का : तिची वेळ.

शशिधर : सतरा गुरुवारांत तिच्याबरोबर एकदा नाही आलो इथे. खाली गाडीत बसून पेपर वाचला असता तरी चाललं असतं तिला.

उल्का : रुमाल घ्या. हा स्वच्छ आहे.

शशिधर : बास आता. फॉर्ममध्ये अजून काही उरलंय का? हॅरिसननी पूर्ण तासाची वेळ घेतलीय.

उल्का : एकच. जीभ.

शशिधर : सोमवारपासून घासलेली नाही.

उल्का : काय?

शशिधर : चार दिवस झाले. सातव्या वर्षी मुंज झाली तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही, लंडनच्या थंडीत नाही, तापात नाही. तोंडाची काय अवस्था झालीय, सांगण्यासारखी नाही. तुझ्या त्या बाईंशी खाली तोंडावर हात धरून बोललो. आता तर त्यांना आणखीच पोलाइट वाटलो असेन.

उल्का : तुम्ही… माझ्यासाठी?

शशिधर : पेशंटनं यावं तसा आलोय. एवढंच.

उल्का : थांबा. इथे उजेड कमी आहे. माझा लॅम्प त्या मोठ्या बॉक्समध्ये गेलाय, तळाशी. काढते.

शशिधर : राहू दे गं, बांधलंयस सगळं.

उल्का : सोडते ना. मोठी गोष्ट नाही… हं. खिडकीकडे तोंड करा. दाखवा.

शशिधर : आरशात बघून आलोय मी. चांगली नाही दिसत.

उल्का : दाखवा.

शशिधर : उल्का, तुझा चेहरा पडेल.

उल्का : पडू दे, बाबा.